तोंडावर बोट

जालन्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही भाजी विकता की शाळेत शिकवता?"

"शाळेत," मी म्हणाले. दिवाळीपासून माझ्या तोंडून शब्दांच्या जागी खरखर येत होती, तशीच ती आली.

"कितवीला?"

"पहिली ते चौथी."

"चारही वर्गांना? एकट्या?"

मी मान हलवली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि दोन्हींवर समोरासमोर ज्वारीच्या दाण्यासारख्या गाठी. हा तुमचा आवाज, ते म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा तो बघत होते आणि तो असा चिमुकला, ओला आणि सुजलेला होता.

"तीन आठवडे बोलायचं नाही. कमी बोला असं म्हणत नाही मी, अजिबातच नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्यानं उलट जास्त ताण येतो. खाकरायचं नाही. नंतर पुन्हा बघू. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. आणि असंच ओरडत राहिलात तर ऑपरेशन करूनही आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही."

माझा नवरा शेजारी उभा होता. तीर्थपुरीजवळ आमची मोसंबीची बाग आहे, तिथलं काम टाकून तो आला होता. त्यानं विचारलं, "मंग शाळा कशी करायची सायेब?"

"रजा घ्या की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

बसस्टँडवर उसाच्या रसाच्या गाडीमागे उभं राहून नवऱ्यानं केंद्रप्रमुखांना फोन लावला. आमच्या भागातल्या सगळ्या जिल्हा परिषद शाळा बघणारे ते साहेब. माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नाआधीपासून ते मला ओळखत होते. नवऱ्यानं सगळं सांगितलं आणि मला ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला.

"बिलकुल रजा टाका," साहेब म्हणाले. "मी आजच सही करतो. पण बदली माणूस कुठून आणू ते सांगा. तुमच्या शाळेतल्या सरांना मीच कामगिरीवर दुसरीकडं पाठवून राह्यलो, तिथं एकबी मास्तर न्हाई. तुम्ही घरी बसल्या तर शाळेला कुलूप. पट आधीच उतरलाय. कुलूप लागलं की पोरं त्या पिवळ्या व्हॅनमधी बसून इंग्लिश शाळेत जातील, अन् एकदा गेलेली परत येत न्हाईत. मंग शाळाच बंद."

नवरा म्हणाला, "अन् हिचा आवाज बंद झाला तर?"

साहेब हळू म्हणाले, "मॅडमला म्हणावं, बोलू नका, पण शाळेत जाऊन बसा तरी. काहीतरी करा."

नवऱ्यानं फोन खिशात टाकला. बसमध्ये तो माझ्याशी बोलत राहिला आणि मी मान हलवत राहिले. अंबड मागे पडेपर्यंत आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पुढचं मोकळं मैदान. तीन बाजूंनी भिंत आहे. चौथी बाजू उघडी, कारण तिकडून पाटाची चारी, म्हणजे शेतांना पाणी नेणारा छोटा कालवा जातो आणि चारीची जागा शाळेची की पाटबंधारे खात्याची, यावरून भिंत अडून राहिलेली. मुलं वस्तीवरची. कुणाचे वडील शेतकरी, कुणाचे मेंढरं राखणारे, कुणाची आई कापसाच्या वेचणीला जाणारी. मी तिथे आले तेव्हापासून एकेक करून नियम घातले होते. चपला बाहेर, टाचा भिंतीला लावून. पाण्याला एका वेळी एकानं जायचं, विचारून. लघवीला जायचं तर करंगळी दाखवायची. खिचडीच्या रांगेत धाकटे पुढे. चौथीच्या प्रत्येकानं पहिलीच्या एकाचा हात धरायचा. आणि चारीकडे कुणीही, कधीही, कशासाठीही जायचं नाही.

यातला एकही नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता. सगळे माझ्या घशात होते. दिवसातून शंभरदा मी ते म्हणत असे, या वर्गातून त्या वर्गात, खिडकीतून, व्हरांड्यातून. गोंगाट वाढला की "हाताची घडी" एवढं मी म्हणायचं आणि सगळ्यांनी "तोंडावर बोट" म्हणून गप्प व्हायचं. मोठ्या आवाजाचं मला कौतुक होतं. आमच्या माहेरी सगळ्यांचेच आवाज मोठे. पार रानातून घरी हाक पोचायची.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, "मॅडमचा घसा दुखतो. मॅडम बोलणार नाहीत." चौथीतल्या एका मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी आपल्या ओठांवर बोट ठेवलं. मुलं हसली, मग गंभीर झाली. त्या दिवशी त्यांनी जीव तोडून शांतता पाळली. मधल्या सुट्टीत कुणी तुळशीची पानं आणून दिली, कुणी घरी पळत जाऊन हळकुंड आणलं. मला वाटलं, जमेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरीतला एक न विचारता उठून पाणी प्यायला. प्यायल्यावर तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी डोळे मोठे केले. तो अजून थोडा थांबला, पुढे काही होतंय का ते पाहिलं, आणि काहीच होत नाही असं दिसल्यावर त्यानं सावकाश दुसरा ग्लास भरला. मग बाकीचे उठले.

चौथीला आणि तिसरीला मी लिहून सांगू शकत होते. दुसरीतले काहीजण अक्षरं लावून वाचत. पहिलीला वाचताच येत नव्हतं. त्यांना शाळा म्हणजे माझा आवाज. मी चित्रं काढली, खडे मांडले, हातवारे केले. थोडा वेळ त्यांना तो खेळ वाटायचा, मग ती उठून निघून जायची. फोनवर कविता लावून ठेवल्या तर सगळे वर्ग त्या खोलीत येऊन नाचायला लागले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना माझी दया आली. पदर खोचून त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ये, बसा की रे मुडद्यांनो!" मुलं इतकी हसली की मावशीही हसायला लागल्या आणि मला हसायचीही बंदी होती.

पहिलीत एक मुलगी होती. तिचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असत आणि आई मिळेल त्या शेतात कापूस वेचायला जाई. जून ते दिवाळी ही पोर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. दिवाळीनंतर बोलायला लागली ती फक्त विचारायला. "मॅडम, बसू का? मॅडम, दप्तर काढू का? मॅडम, आता पुसू का?" तिला नियम फार आवडत. बाकीची मुलं नियमातून पळवाट काढायची, ही नियमाला धरून चालायची, अंधारात भिंतीला धरून चालावं तशी. माझं बोलणं थांबल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राही आणि विचारून झालं की माझ्या चेहऱ्याकडे बघत बसे. मी मान हलवली तरी तिचं समाधान होत नसे. तिला "हो, बस" ऐकायचं असे.

नवऱ्यानं तीर्थपुरीच्या बाजारातून शिट्टी आणली. मी फळ्यावर चित्रं काढून नवे नियम केले. एक शिट्टी म्हणजे जिथे असाल तिथे खाली बसायचं. दोन म्हणजे वर्गात यायचं. तीन म्हणजे रांग. आम्ही मैदानात त्याचा सराव केला. मुलं धावायची, मी एक शिट्टी मारायची, धप्पकन सगळी खाली. या सरावात ती पहिलीतली मुलगी सगळ्यांत हुशार निघाली. बाकीचे दोन पावलं पुढे जाऊन बसत, ती पाऊल उचललेलं असलं तरी तिथेच बसे. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

शिट्टीनं काही दिवस भागलं. मग मुलांना तिची सवय झाली. मी दर दोन मिनिटांनी ती वाजवत होते आणि ज्याच्यासाठी वाजवली तो सोडून बाकी सगळे बसत होते. एकदा दोघांची मारामारी झाली आणि मी शिट्टी वाजवत त्यांच्यामध्ये घुसेपर्यंत एकाचा दात पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले.

"मॅडम, पोरगं म्हणतंय शाळेत कुनी शिकवतच न्हाई. खरंय का?"

मी पाटीवर सगळं लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले, साहेब काय म्हणाले. पाटी भरली तरी लिहीत राहिले, अक्षरं बारीक केली. त्यांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि परत दिली.

"चष्मा न्हाई आणला," ते म्हणाले. "तोंडानं सांगा ना थोडं."

मी नकारार्थी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले. मी बोलू शकते आणि मुद्दाम बोलत नाही, असं त्यांना वाटत होतं. ते खरंच होतं. घशात खरखर होती, मी ती काढू शकले असते. हेच सगळ्यांत अवघड होतं. आवाज पूर्ण गेला असता तर प्रश्न नव्हता. तो होता, आणि मी तो दिवसभर दाबून ठेवत होते.

त्या दुपारी तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन मी रडले. रडतानाही आवाज निघू द्यायचा नव्हता, म्हणून तोंडात पदराचा बोळा धरला. घरी गेल्यावर नवऱ्याला पाटीवर लिहून दाखवलं, "मला नाही होत."

तो म्हणाला, "कुलूप लाव मंग. गेली शाळा तर गेली. तुझा गळा कापून शाळा चालवायची का?"

मी खाली लिहिलं, "आणि पोरं?"

त्यानं ते वाचलं आणि बाहेर जाऊन पाण्याची मोटार चालू केली.

मधे एका सकाळी चारीला पाणी सुटलं. रब्बीच्या पाण्याची पाळी आली होती. कोरड्या चारीकडे मुलांचं लक्ष नसे, पण पाणी आलं की तिचं सगळं रूपच बदलून जातं. काठोकाठ, वेगानं, उन्हात चमकत. मी फळ्यावर चारीचं चित्र काढून त्यावर मोठी फुली मारली. चौथीच्या मुलींना तोंडी सगळ्यांना सांगायला लावलं. खिचडीच्या वेळी मी स्वतः मैदानाच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले. तोवर दोन मुलं ताटलीवरून भांडायला लागली आणि मी त्यांना सोडवायला व्हरांड्यात गेले.

हापशावर ताटल्या धुवायला गर्दी होती. मोठ्या मुली धाकट्यांना मागे ढकलत होत्या. एरवी मी "धाकटे पुढे" म्हणून ओरडले असते. व्हरांड्यातून मान वर केली तेव्हा ती पहिलीतली मुलगी ताटली धुवायला चारीच्या काठाला पोचली होती. चारीचा नियम तिनं कित्येक दिवस माझ्या तोंडून ऐकला नव्हता. चारीला आतून सिमेंटचा उतार आहे. ती एकेक पाऊल टाकत त्या उतारावरून खाली निघाली होती.

मी शिट्टी मारली. दुसरं काही सुचलंच नाही.

ती थांबली आणि खाली बसली. जिथे होती तिथेच. शेवाळलेल्या उतारावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, ताटली मांडीवर घेऊन, शिकवलं होतं तशी.

मी पळत सुटले. दोन शिट्ट्या मारल्या असत्या तर ती उठली असती आणि उठताना घसरली असती. अजून एक मारली तर तिनं काय केलं असतं मला माहीत नव्हतं. "हलू नकोस, मी येतेय," याची शिट्टी मी ठरवलीच नव्हती. मैदान संपत नव्हतं. तिचा पाय हळूहळू खाली सरकताना मला दिसत होता. आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. तो शब्द नव्हता. गाय विताना अडते तेव्हा असा आवाज काढते. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तोंडात रक्ताची चव आली.

तो आवाज ऐकून तिनं मागे वळून पाहिलं, आणि वळताना ती घसरली.

मला पोहता येत नाही. चारीत उडी मारली तेव्हा पाणी छातीला लागलं आणि त्याच्या ओढीनं पाय जमिनीवर टेकेनात. ती माझ्या पुढे वाहत होती. फ्रॉकमध्ये हवा भरून तो फुगला होता. पुढे थोड्याच अंतरावर मोरी होती, तिथे पाणी नळात शिरतं. मावशी काठावरून धावत, छाती पिटत ओरडत होत्या. मी पुढे झेप घेतली आणि माझ्या मुठीत फ्रॉक आला. मावशींनी अंगावरचं लुगडं अर्धं सोडून त्याचा पदर पाण्यात टाकला, तो मी दुसऱ्या हातात धरला. शेजारच्या शेतातला एक माणूस धावत आला आणि त्या दोघांनी आम्हाला वर ओढलं.

तिला पालथं धरलं, पाठीवर थापा मारल्या. पाणी पडलं, मग ती खोकली, मग तिनं श्वास घेतला. रडली नाही. डोळे उघडे होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

माझ्या स्कूटीवर मावशी तिला मांडीवर घेऊन बसल्या. मागे सगळी शाळा मैदानात उभी होती, एक अक्षर न बोलता. त्या शेजारच्या माणसानं मला हातानं 'जा' अशी खूण केली आणि तो मुलांपाशी थांबला. तीर्थपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ पाण्यात होती?" मी सांगायला तोंड उघडलं. तेव्हा माझं ठरलेलं मौन कुठच्या कुठे गेलं होतं, मला खरंच सांगायचं होतं. काहीच आलं नाही. खरखरसुद्धा नाही. नुसती हवा. मावशींनी उत्तर दिलं.

मुलीची आई संध्याकाळच्या आत दवाखान्यात आली. वेचणीवरून तशीच, ओटीत कापूस घेऊन. मुलीच्या छातीत कफ झाला होता, पण धोका नाही असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं मुलीचे पाय चाचपले, हात चाचपले, मग माझ्याकडे पाहिलं. माझे कपडे अजून ओले होते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवसांनी शाळेत पालक जमले. केंद्रप्रमुख आले होते. सगळे एकदम बोलत होते. ज्यांच्या मुलाचा दात पडला होता ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगा. लेकरू पाण्यात जाऊन राह्यलं अन् तुम्ही बघून राह्यल्या. आवाज द्यायला काय झाल्तं?"

मी पाटीवर लिहिलं, "दिला होता." साहेबांनी ते वाचून दाखवलं.

"कुनी ऐकला?" मागून कुणीतरी म्हणालं.

त्या मुलीची आई दाराशी बसली होती. ती बसूनच बोलली. "दिल्ता. पोरगी सांगून राह्यली. मॅडम जनावरावानी वरडल्या म्हनती. भ्याली म्हून वळून पाह्यलं."

मला वाटतं, ती माझ्या बाजूनं बोलत होती. मला वाटतं, ती माझ्या विरुद्धही बोलत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही आणि विचारायला आवाज नव्हता.

त्या आठवड्यात चौथीचा एक, तिसरीचे दोघं आणि दुसरीतल्या जुळ्या बहिणी पिवळ्या व्हॅनमध्ये बसल्या. साहेबांनी सरांना आठवड्यातले निम्मे दिवस परत पाठवायचं कबूल केलं. नवऱ्यानं आणि वस्तीवरच्या चौघांनी बाभळीच्या फांद्या तोडून चारीच्या बाजूनं काटेरी कुंपण घातलं.

ती मुलगी बरी होऊन शाळेत आली तेव्हा तिची आईही आली. मुलगी वर्गात बसली आणि आई व्हरांड्यात. वर्गाकडे पाठ करून, तोंड चारीकडे. शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसली. दुसऱ्या दिवशीही आली. मी पाटीवर काही लिहून तिच्याकडे नेलं, पण तिला वाचता येत नाही हे मला तिच्यापर्यंत पोचल्यावर आठवलं. मी पाटी पाठीमागे धरून तशीच उभी राहिले.

"तुम्ही शिकवा," ती म्हणाली. "मी पाण्याकडं बघते."

काही दिवस ती आली. वेचणीचे दिवस होते, तिचा रोज बुडत होता. मग एका सोमवारी दोघीही आल्या नाहीत. मावशींनी सांगितलं, "पोरीला वावरात संग घेऊन जाती आता. म्हनती, तिथं डोळ्यापुढं तरी राहती." मी शाळा सुटल्यावर वस्तीवर गेले. दाराला कडी होती. पुन्हा गेले, तेव्हा मुलगी अंगणात एकटी बसून चपला भिंतीला लावत होती. टाचा आत. मला पाहून ती घरात पळाली.

जालन्याच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. या वेळी त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला नाही. "आत रक्तस्राव झालाय," ते म्हणाले. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" माझा नवरा त्यांना चारीचं सांगायला लागला, पण मी त्याचा हात दाबला. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. आता मी रजा घेतली, निम्मे दिवस तरी सर शाळेत होते. मी घरी मोसंबीच्या झाडांखाली बसून राही आणि शाळेचं काय चाललं असेल याचा विचार करी. सर येत नसत त्या दिवशी शाळा बंदच असे. ते दिवस मला अजूनही नीट आठवत नाहीत. सगळ्या दुपारी एकसारख्या वाटत होत्या. कुणी विचारपूस करायला आलं की मी मागच्या दारानं बागेत निघून जात असे.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. पहिला शब्द मी नवऱ्यासमोर बोलले. "पाणी." तो दचकला आणि दुसरीकडे बघायला लागला. खाली बसलेला, फुटका, कुणा अनोळखी म्हाताऱ्या बाईचा आवाज होता तो. डॉक्टर म्हणाले, हाच आता तुमचा. कमरेला बांधायचा छोटा माईक वापरा, वर्गापुरतं होईल.

जूनमध्ये शाळा उघडली. पट आणखी उतरला होता, पण शाळा होती. पहिल्याच आठवड्यात ती आई मुलीला घेऊन दारात आली. मुलगी उंच झाली होती. आईच्या मागे उभी राहून ती जमिनीकडे बघत होती.

"दुसरीत घालायची," आई म्हणाली. "घेता का?"

"घेते की," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून तिनं मान वर केली. "असाच ऱ्हाणार आता?"

"हो."

"कुठलोक जातो?"

मला समजलं नाही.

"आवाज. किती लांब ऐकू जातो?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. मी वर्गाबाहेर हाक मारूनच पाहिली नव्हती. मला धीर झाला नव्हता.

"मंग बघू," ती म्हणाली आणि मुलीला माझ्यापाशी सोडून चालत निघाली. मैदान ओलांडून थेट काट्यांच्या कुंपणापर्यंत गेली. तिथे वळून तिनं हात वर केला.

मी कमरेचा माईक काढून ठेवला आणि तिच्या मुलीच्या नावानं हाक मारली. आईनं हात हलवला. ऐकू नाही आलं. ती काही पावलं पुढे आली, थांबली. मी पुन्हा हाक मारली. तिनं पुन्हा हात हलवला. वर्गातली मुलं खिडकीत गोळा झाली होती. ती पुढे येत होती, थांबत होती, मी हाक मारत होते. खो-खोचा खांब तिच्या मागे राहिला. लंगडीचं रिंगण मागे राहिलं. अर्ध्याहून जास्त मैदान तिच्या मागे राहिलं. तेव्हा तिनं मान हलवली, ऐकू आलं.

तिथे पडलेला एक मोठा दगड तिनं दोन्ही हातांनी ओढत आणला आणि उभी होती तिथे ठेवला. मग आणखी दोन आणले आणि त्याच्या ओळीत लावले.

"हितवर," ती म्हणाली. "ह्याच्या म्होरं एकबी लेकरू जाऊ देऊ नका."

"नाही जाऊ देणार."

"पोरीला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

मी मुलीकडे वाकले आणि सांगितलं. तिनं दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढून वर्गात गेली. आई कामाला उशीर झाला म्हणून लगबगीनं निघून गेली.

दुपारी मी सगळ्या मुलांना तो नियम सांगितला. खो-खोचा खांब उपटून अलीकडे आणला, पण धावायला जागा पुरेना, म्हणून खो-खो बंद केला. एकानं विचारलं, "मॅडम, पाणी तर पार तिकडं हाय, मंग एवढ्या जवळ का?" मी म्हणाले, "माझा आवाज इथपर्यंतच येतो." त्यानं मान डोलावली. त्याला ते पुरेसं वाटलं.

शाळा सुटली, मुलं गेली, मावशी पातेली घासून गेल्या. मी खोल्यांना कुलपं लावली आणि व्हरांड्यात उभी राहून मैदानाकडे तोंड करून एक हाक मारली. मग श्वास घेऊन, जेवढी शक्य होती तेवढी मोठ्यानं, अजून एक. दगडांपाशी कुणीच नव्हतं. हाक तिथवर पोचली की नाही, हे मला सांगायला.